एक कोटी वर्षांची दाढ

सेक्टर ६, भिलाई
११ डिसेंबर २०२४

प्रिय गीता,

पत्र पाहून तू आधी हसणार, मग पाकीट उलटसुलट करून खरंच माझंच अक्षर आहे ना ते बघणार. हसून घे. रविवारी तू टेकडीवर चढून फोन करतेस आणि अर्धा फोन ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच संपतो. म्हटलं, या वेळी कागदावर निवांत बोलू. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, कच्छच्या खेड्यात पोचायला सहा-सात दिवस लागतील. तिथून तुमच्या कॅम्पचा ड्रायव्हर आणेलच.

थंडी कशी आहे? गाळ चाळणीवर धुऊन धुऊन तुझे हात फुटले असतील. व्हॅसलिन लाव. लावणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहिते.

आईच्या हाताचं प्लास्टर निघालं. बोटं वळतात. पण नोव्हेंबरात अंगणात घसरून पडली तेव्हापासून तिचं विसरणं फार वाढलंय. सकाळी मला ओळखते, दुपारी मी तिची धाकटी बहीण होते, संध्याकाळी कधी कधी मी दुसरीतली पोरगी असते आणि तिला माझी वेणी घालायची असते. चौतिसाव्या वर्षी मी दोन लाल रिबिनी बांधून ओट्यावर भांडी घासते, डोळ्यांसमोर आण. बाबा म्हणतात, ‘‘बांधू दे वो, तुह्यं का जाते?’’ बाबांनी स्वयंपाक हातात घेतलाय. पस्तीस वर्षं पोलाद कारखान्याच्या सिंटर प्लांटात लोहमातीचे नमुने मोजले त्यांनी, तर आता मीठही तसंच मोजून टाकतात. तरी भाजी खारट होते. कशी, ते त्यांनाही कळत नाही.

शेजारच्या प्रेमलाकाकूंनी परवा धरलं मला. ‘‘दामिनी, तू थ्या सरकारी नौकरीत करते तरी का?’’ मी म्हटलं, दगडात अडकलेली हाडं नि दात सुईने साफ करते. मग तुझी गोष्ट सांगितली. माकडाच्या दाढेवर चार उंचवटे असतात, दोन-दोन जोडून दोन आडव्या कडा होतात, धानाच्या शेतातल्या दोन धुऱ्यांसारख्या, बांधांसारख्या, त्यांनी पानं कातरता येतात. या कडांवरूनच जुनं माकड ओळखायचं. आफ्रिकेतल्या अडीच कोटी वर्षांपूर्वीच्या माकडाचा सगळा पुरावा काय, तर जबड्याचा एक तुकडा आणि त्यातली एक दाढ. त्यानंतरच्या, सव्वादोन कोटींच्या दाढा सापडल्या, त्यांत या कडा अजून धड जुळलेल्याही नाहीत. आपल्या आशियात माकडं मिळतात ती सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीची, त्याआधी सगळं कोरं. आणि माझ्या मैत्रिणीला एक कोटीच्या थरात एक दाढ सापडलीय. काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘‘एका दाढेपायी तीन साल माती धुतली तिनं? लगन झालं का तिचं?’’

तू दोनदा फोनवर विचारलंस म्हणून लिहिते. दाढ व्यवस्थित आहे. संस्थेच्या कपाटात आहे, किल्ली माझ्याजवळ. कडांमधला थोडा दगड काढायचा उरलाय. सहा जानेवारीच्या स्कॅनला अजून वेळ आहे, काळजी करू नकोस.

मी रजा वाढवून घेतली. सध्या बाबा आणि मी गच्ची साफ करतो आहोत, त्यामुळे कंबर गेलीय. बाकी सगळं ठीक. तब्येत सांभाळ.

तुझी,
दामिनी


भिलाई
२० डिसेंबर

गीता,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. फोनवर त्याआधी दोनदा खोटं बोलले. तुझा आवाज आला की माझ्या तोंडून आपोआप ‘ठीक आहे’ निघतं, म्हणून पुन्हा कागद घेतला. कागद मध्येच ‘ऐक ना दामिनी’ म्हणत नाही.

दाढ कपाटात नाही. नव्हतीच. आई पडल्याचा फोन आला त्या दिवशी ती माझ्या टेबलावर होती. दाढेची प्रतिकृती घेतात ते साच्याचं रबर संपलं होतं, नवीन यायचं होतं. वेळ वाया जाऊ नये म्हणून मी ती रिकाम्या कॅप्सूलमध्ये कापसात घातली, छोटा मायक्रोस्कोप पिशवीत टाकला आणि गाडीत बसले. रजिस्टरवर सही केली नाही. नव्या पोरांना मी घसा कोरडा करून शिकवते, आधी साचा, मग सफाई, आणि साच्याशिवाय नमुना दाराबाहेर नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हसू नकोस. हसणारच नाहीस म्हणा.

५ डिसेंबरला, गुरुवारी, ती हरवली.

दुपारचे साडेतीन झाले असतील. मी खिडकीशी बसून दुसऱ्या कडेच्या तळातला दगड काढत होते. फार सुंदर होती गं, त्या तळाशी झीज अजिबात नव्हती. गॅसवाल्याने दारावर थाप मारली. मी दाढ पांढऱ्या ताटलीत ठेवली, वर वाटी उपडी घातली आणि बाहेर गेले. दहा मिनिटं, फार तर बारा. परत आले तर वाटी सरळ होती आणि ताटली रिकामी. आई मागच्या अंगणात उभी राहून छताकडे बघत होती, फार खुशीत.

‘‘आई, इथली दाढ?’’

‘‘फेकली ना वर. उंदराले देल्ली. आता कशी मोत्यावानी येते पाह्य तुले.’’

आमच्याकडे पोरांचे दुधाचे दात छतावर फेकतात. तुमच्याकडे रायपुरातही फेकत असतील. जुना उंदराला द्यायचा, नवा त्याच्याकडून मागायचा. माझे सगळे दात आईने असेच फेकले, याच अंगणातून, याच छतावर. तिने त्या दिवशी काही वेगळं केलं नाही. प्रेमलाकाकू कपडे वाळत घालत होत्या, त्यांनीही पाहिलं. म्हणाल्या, ‘‘वयनीनं हात जोडले अन् काहीतरी भिरकावलं. मले वाटलं, चिमणीले दाना टाकून राहिली.’’

आता आमचं छत ऐक. मागच्या वर्षी कंपनीने टारफेल्टिंग केलं, म्हणजे छतभर डांबराचे पट्टे चिकटवून वर बारीक गिट्टी पसरली. दाण्याएवढी, काळीभोर, वर प्लांटची धूळ बसलेली. तुझी दाढ सहा मिलिमीटर, काळपट तपकिरी. यापेक्षा वाईट जागा तुला आणि मला मिळून शोधता आली नसती.

बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि खडू मागितला. दुसऱ्या दिवशी उजाडताच वर चढून त्यांनी छतावर उभे-आडवे चौकोन पाडले, शहाण्णव. ‘‘एक चौकोन झाल्याबिगर दुसऱ्याले हात लावायचा नाही,’’ म्हणाले. वॅगनमधल्या मालाचा नमुना ते असाच काढायचे. बहात्तर वर्षांचा माणूस गुडघ्याखाली पोतं घेऊन चौकोनामागून चौकोन सरकतो. सुटी गिट्टी आम्ही बादलीने खाली आणतो, अंगणात चाळणीवर धुतो, पांढऱ्या कापडावर पसरतो आणि भिंगातून बघतो. तू तिथे जे करतेस ते मी इथे करते आहे, फक्त तुझ्या गाळात काहीतरी असण्याची शक्यता असते.

आजवर मिळालेलं सांगते: पतंगाचा मांजा, बॅडमिंटनची दोन फुलं, कबुतराची हाडं, एक बांगडीचा तुकडा. पाच वेळा वाटलं, सापडली. पाचही वेळा गिट्टी होती.

आई आमच्याजवळ बसते. सूप घेऊन निवडू लागते, आणि तिच्याइतकं चांगलं कुणाला निवडता येत नाही, तांदळातला पांढरा खडा ती न बघता काढायची. ‘‘का धुंडून राहिले तुमी?’’ विचारते.

‘‘दाढ, आई.’’

‘‘कोनाची?’’

मी सांगते. दिवसातून वीस वेळा सांगते. एकदा तिला सगळं लख्ख आठवलं. सूप खाली ठेवून म्हणाली, ‘‘मंग कायले धुंडता? उंदराले देलेली चीज वापस मांगत नाहीत, पाप लागते.’’ आणि उठून आत गेली. बाबांनी पुढची बादली चाळणीवर ओतली.

मी तिच्यावर एकदा ओरडले, गीता. पहिल्या संध्याकाळी. काय ओरडले ते लिहिणार नाही. ती घाबरून बाबांच्या मागे गेली आणि विचारू लागली, ही बाई कोण आहे, हिला घरी पाठवा.

काल शहाण्णवावा चौकोन झाला. बाबा आजपासून पुन्हा पहिल्यापासून सुरू करताहेत. मी त्यांना सांगत नाही की दाढ कदाचित छतावर पडलीच नसेल, पलीकडच्या गल्लीत गेली असेल, झाडूवाल्याने नेली असेल. त्यांनाही ते कळतं, तेही मला सांगत नाहीत.

तुझ्याकडे वरून काढलेले चार फोटो आणि मापं आहेत, एवढंच उरलं. मी काय करू ते मला समजत नाही. तुला येईल तेवढा राग येऊ दे, मी ऐकून घेईन.

दामिनी


भिलाई
२ जानेवारी

गीता,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा तू चिडली असतीस तर बरं झालं असतं.  तू दोनच गोष्टी बोललीस. पहिली, की तुझा निबंध तपासणाऱ्यांना आधीच दाढेच्या वयाची शंका होती, आता दाढच नाही म्हटल्यावर ते म्हणतील हिने ती दुसरीकडून आणली होती आणि पकडली जाऊ नये म्हणून हरवली. आणि दुसरी तू विचारलीस. ‘‘काळी, दगड झालेली दाढ. तुझ्या आईला ती तुझी कशी वाटली?’’

मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता.

तर ऐक. मी दाढ घरी आणली ती वेळ वाचवायला नाहीच. ते कारण मी स्वतःलाही सांगत होते. अकरा वर्षं आई विचारत आली, तू तिथं दगडात करते तरी का, आणि अकरा वर्षं मी म्हणत आले, दाखवीन एकदा. ती पडली, बाबा फोनवर म्हणाले, ‘‘तिनं मले नाही वळखलं सकाळी,’’ आणि मला एकच सुचलं, की तिचं डोकं रिकामं व्हायच्या आत तिला दाखवायचं. माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात मोठी वस्तू तुझी होती. मी ती उचलली.

रोज दुपारी मी तिला दाखवायचे. तळहातावर ठेवायचे, भिंग द्यायचे. ‘‘आई, हे माकडाची दाढ होय. एक कोटी सालाची.’’ ती बघायची, ‘‘अगं बाई!’’ म्हणायची, आणि घटकाभराने, ‘‘हे कोनाची दाढ होय?’’ पुन्हा सांगायचे. पुन्हा तेच. त्या गुरुवारी सकाळपासून तिने तीस-चाळीस वेळा विचारलं असेल. रात्री माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता, मान आखडली होती, सुई हातात होती. गॅसवाला यायच्या थोडं आधी तिने पुन्हा विचारलं. ‘‘कोनाची वो?’’

मी मान वर न करता म्हटलं, ‘‘माही होय, आई. माहीच.’’

तिला एकदम बरं वाटलं. गीता, किती दिवसांनी तिला एखादी गोष्ट पूर्ण समजली होती. ‘‘चाकलेट खाऊ खाऊ कशी काळी केली पाह्य,’’ म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मी तो हात बाजूला केला, कारण सुई हलत होती. मग दारावर थाप पडली.

एवढंच राहिलं होतं सांगायचं. तिने विसरून काही केलं नाही. मी सांगितलेलं तिने लक्षात ठेवलं.

आता कागदाचं. संस्थेला लेखी जबाब द्यायचा आहे. बाबांना वाटत होतं मी लिहावं की रेल्वेत बॅग चोरीला गेली. ‘‘रोज चोऱ्या होतात, कोन पुसते?’’ मी म्हटलं, बाबा, ती बॅग चोरीला गेली म्हटलं की गीता खोटी ठरते. ज्या दाढेने सगळ्यांचं गणित बिघडतं तीच नेमकी गाडीत चोरीला जाते, यावर शेंबडं पोर विश्वास ठेवणार नाही. जे घडलं ते इतकं वेडगळ आहे की कुणी बनवून सांगणार नाही, म्हणून तेच लिहायला हवं.  बाबांनी माझ्यासमोर हात जोडले. माझ्या बापाने, माझ्यासमोर. ‘‘तिचं नाव नको टाकू, पोरी. मी पस्तीस साल नौकरी केली, एक मेमो नाही माह्या नावावर. कागदावर चढलेलं नाव उतरत नाही. तिले तर आपल्यासाठी बोलताबी येनार नाही.’’

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. एकीकडे तू, एकीकडे ते जोडलेले हात. सहा तारीख जवळ येत होती आणि मी अंगणात बसून गिट्टी धूत होते, कारण तेवढंच करण्यासारखं होतं.

काल लिहिलं. सगळं, तारीख-वार, सही न करता नमुना नेला इथपासून ‘माझी’ म्हटलं इथपर्यंत. दोन प्रती काढल्या आणि बाबांपुढे ठेवल्या. फाडून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. आई शेजारी मटर सोलत होती. ‘माझ्या आजारी आईने ती दाढ छतावर फेकली’ असं वाक्य होतं, तिथे त्यांनी बोट ठेवलं.

‘‘हे ‘आजारी’ काढ.’’

‘‘बाबा, त्यानंच तर तिच्यावर दोष येनार नाही.’’

‘‘आजारी म्हून नाही फेकली तिनं. आई म्हून फेकली. काढ.’’

मी दोन्ही प्रतींवर तो शब्द खोडला. त्यांनी खाली साक्षीदार म्हणून सही केली, शालिकराम देवराव बिसेन, निवृत्त, आणि कारखान्यातला जुना टोकन नंबरही घातला. मग उठून वर गेले, छतावर. ते दुसऱ्यांदा एकावन्नाव्या चौकोनापर्यंत आलेत.

एक प्रत याच पाकिटात आहे, दुसरी आज संस्थेकडे जाते आहे. त्याने तुझी दाढ परत येणार नाही, स्कॅन होणार नाही, त्या माकडाला नाव देता येणार नाही. फार तर तू खोटी नाहीस एवढं सिद्ध होईल, आणि तेही ज्यांना मानायचं ते मानतील. तुझ्या तीन वर्षांच्या बदल्यात मी तुला हा कागद देते आहे. मला याची लाज वाटते.

आई रोज सकाळी तोंड धुतल्यावर मला उजेडात उभी करते. ‘‘आ कर,’’ म्हणते. मी आ करते. ती मागच्या हिरडीवरून बोट फिरवते आणि बाबांना हाक मारून सांगते, ‘‘येऊन राहिली वो, लागते हाताले.’’ तेवढा वेळ तिला माझं नाव आठवतं. मी तोंड मिटत नाही. तिचं बोट निघेपर्यंत मिटत नाही. गीता, यात मला सुख होतं, तुझं सगळं घालवून मला हे सुख होतं, आणि हे तुला सांगितल्याशिवाय मला हे पत्र संपवता येत नव्हतं.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तू करशील.

दामिनी